सातशे एमबी म्हणजे किती अभ्यास?

“म्हणजे ताई, ७०० एमबी म्हणजे किती अभ्यास झाला म्हणायचा?”

विचारणारा माणूस निलंग्याकडच्या एका खेड्यातून एसटीने आला होता. त्याला चेष्टा करायची नव्हती, रागही नव्हता. चपला जिन्यातच काढून, खांद्यावरची दस्ती घडी करून हातात धरून तो मामांच्या टेबलापाशी उभा होता. स्क्रीनवर त्याच्या मुलाच्या नावासमोर एक आकडा होता, अभ्यासिकेत त्याने किती इंटरनेट वापरलं त्याचा, आणि त्या आकड्याचा त्याला समजेल असा अर्थ हवा होता. सोयाबीन किती क्विंटल झालं, त्याचे किती आले, त्यातले किती लातूरच्या खोलीला, मेसला आणि अभ्यासिकेला गेले, हे त्याला तोंडपाठ होतं. हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय मांडायचं तेवढंच राहिलं होतं. मी म्हणाले, “काका, यावरून अभ्यास नाही कळत.” त्याने मामांकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. “मग ही मशीन कशाला बसवलीय, भाऊसाहेब?”

मामांनी चहा मागवला, पावसापाण्याचं विचारलं, आणि विषय आडतीतल्या भावावर नेला. माणूस चहा पिऊन गेला. मशीन मी बसवली होती, म्हणून प्रश्न माझ्याकडेच राहिला.

मामा तलाठी म्हणून निवृत्त झाले. गाव सुटलं, सज्जा सुटला, पण ‘भाऊसाहेब’ काही सुटलं नाही. फंडाच्या पैशातून त्यांनी ट्युशन एरियाच्या कडेला असलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक ट्यूब, एक प्लगपॉइंट आणि पोरांनी चिकटवलेली वेळापत्रकं. उन्हाळ्यात जिना चढतानाच कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येतो, त्यात पायमोज्यांचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या शेंगाच्या चटणीचा वास मिसळलेला. आत शांतता म्हणजे अगदी शांतता नसते. पंख्याची घरघर, पेनाचं टिकटिक, मध्येच पाठांतर करणाऱ्याचे हलणारे ओठ. रात्री बारानंतर पोरं उठून डोळ्यांवर पाणी मारतात, जिन्यात पाच मिनिटं बसतात, पुन्हा कप्प्यात शिरतात. यातली निम्मी पोरं मामांनी सोडलेल्या खुर्चीच्या मागे आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीला राज्यभरातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले, तेव्हा मामांनी तो आकडा पेपरात वाचून चष्मा काढून पुसला होता. “आम्हाला कुणी पोरगी द्यायला तयार नव्हतं या नोकरीवर,” एवढंच म्हणाले.

भांडण सुरू झालं ते इंटरनेटवरून. खरं तर हल्ली प्रत्येकाच्या खिशात डेटा असतो. पण व्हिडिओ लेक्चर सुरू केलं की रोजचा दीड-दोन जीबी दुपारपर्यंत उडतो, आणि सराव परीक्षा, टायपिंगचा सराव हे मोठ्या पडद्यावर केलेलं बरं. म्हणून मामांनी काही जुने कॉम्प्युटर आणि एक फायबरची जोडणी घेतली. वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहिला. तिथून तो खालच्या टपरीवर गेला, टपरीवरून समोरच्या हॉस्टेलात, हॉस्टेलातून पानपट्टीवर. मामांनी पासवर्ड बदलायचा, आणि संध्याकाळी टपरीवरच्या पोऱ्याने चहा देता देता नवा पासवर्ड मामांनाच ऐकवायचा. वर पोरीची सराव परीक्षा ऐन शेवटच्या दहा प्रश्नांवर गोल गोल फिरत अडकलेली, आणि खाली माल उतरायची वाट बघणारा टेम्पोवाला मामांच्या नेटवर रील बघत हसतोय. एका रात्री मला संभाजीनगरला फोन. “काय करायलीस? पोरं बोंबलायलेत गं इथं. नावानिशी करता येतं का हे? ज्याचं नाव त्यालाच मिळालं पाहिजे.”

येतं, म्हणाले. माझं पोटच त्यावर चालतं.

बंद पडलेल्या एका कार्यालयातून भंगाराच्या भावात घेतलेला कॉम्प्युटर मामांकडे होताच. त्यात दुसरं नेटवर्क कार्ड घातलं, लिनक्स चढवलं, त्यावर स्क्विड. हा प्रॉक्सी प्रोग्रॅम, म्हणजे पोरांचे कॉम्प्युटर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसणारा. या स्क्विडचं मला नेहमी वाईट वाटतं. १९९६ मध्ये ड्युएन वेसल्स यांनी हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातल्या कोडवरून ते पुढे नेलं, तेव्हा त्याचं मुख्य काम वाटून खायचं होतं. लाइन बारीक आणि महाग, म्हणून एकाने मागवलेलं पान स्क्विड आपल्याजवळ ठेवून घ्यायचं, आणि दुसऱ्याने तेच मागितलं की जवळचंच काढून द्यायचं. आज जवळजवळ सगळी संकेतस्थळं ब्राउझरपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद बोलतात. मधल्याला आतलं काही दिसत नाही, त्यामुळे ठेवून घेता येत नाही, आणि दुसऱ्याला देताही येत नाही. वाटपाचं काम गेलं. आता त्याच्याकडे उरलंय दारावर बसणं आणि कोण आलं, कोण गेलं ते लिहून ठेवणं. चांगल्या घरच्या माणसाला म्हातारपणी वॉचमनची नोकरी करावी लागते, तसं काहीसं.

मामांची पहिली अट ऐकून मी हसले होते. त्यांचं म्हणणं, पोरांना काही कळूच द्यायचं नाही. यंत्र मागच्या मागे बसवायचं, आणि कोण काय करतंय ते नावासकट आपल्याला कळावं. यातलं पहिलं जमतं. रहदारी वाटेतच वळवून प्रॉक्सीतून नेता येते, ब्राउझरला पत्ताही लागत नाही. पण मग नाव मिळत नाही. प्रॉक्सीला नाव हवं असेल तर तिने ४०७ हा क्रमांक पाठवून ब्राउझरला तोंडावर सांगावं लागतं, की बाबा, मी मध्ये आहे, आधी ओळख दाखव. आणि ज्या ब्राउझरला मध्ये कुणी आहे हेच माहीत नाही, त्याला वाटतं आपण थेट समोरच्या संकेतस्थळाशीच बोलतोय. तो या ४०७ ला दाद देत नाही, आणि देऊही नये. नाहीतर वाटेतला कुणीही उठून पासवर्ड मागेल. म्हणजे लपून राहिलात तर नाव विचारता येत नाही, आणि नाव विचारायचं तर समोर यावं लागतं. हे ज्या कुणी लोकांनी ठरवलं त्यांच्या डोक्यात बहुतेक फक्त व्यवस्थेचा विचार असेल, पण मला त्यात एक जुन्या वळणाची सभ्यता दिसते. मामांना मात्र ती गैरसोय वाटली. “म्हणजे चोराला आधी सांगायचं, की मी बघायलोय म्हणून?” मी म्हटलं, “चोर कोण हेच ठरलेलं नाही अजून, मामा.”

बाकीचं काम तासाभराचं. नावं आणि पासवर्ड एका फाइलमध्ये, ती तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम, आणि नियमांच्या चार ओळी. स्क्विड नियम वरून खाली वाचतं आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल तिथेच निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून ओळख पटलेल्यांना सोडा ही ओळ वर, आणि बाकी सगळ्यांना अडवा ही ओळ तळाला. हा क्रम मामांना लगेच कळला. आयुष्यभर जीआर वाचलेला माणूस, कुठली ओळ कुठल्या ओळीला खाते ते त्यांना सांगावं लागत नाही. अडलं ते पासवर्डच्या वहीपाशी. मामांनी लाल कापडी पाठीचं नवं रजिस्टर आणलं होतं, रकाने आखून: अनुक्रमांक, नाव, गाव, पासवर्ड. मी सांगितलं की शेवटचा रकाना भरायचा नाही. फाइलमध्येसुद्धा खरा पासवर्ड नसतो. त्याचं विस्कटलेलं रूप असतं, त्यावरून मूळ शब्द उलगडत नाही. पोरगं जे टाइप करतं ते तसंच विस्कटून बघायचं आणि दोन्ही जुळतात का एवढंच तपासायचं. मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, यंत्रालाही माहीत नाही. मामा बराच वेळ गप्प होते. ज्या दप्तरात काय लिहिलंय ते दप्तर सांभाळणाऱ्यालाच वाचता येत नाही, अशी गोष्ट त्यांच्या उभ्या नोकरीत झाली नव्हती. अपवाद होता तो मोडीतल्या जुन्या कागदांचा.

पोरांना वापरायची नावं स्वतःच निवडू दिली, ती मात्र गंमत झाली. मला वाटलं होतं आपापली नावं देतील. आली ती अशी: पीएसआय, डीवायएसपी, तहसीलदार, कलेक्टर आणि त्याखालोखाल कलेक्टरमॅडम. एकाने ‘शेवटचाप्रयत्न’ दिलं. एकीने आईचं नाव दिलं. दोघांना एकच पद हवं होतं म्हणून जिन्यात बाचाबाची झाली, शेवटी एकाने मागे तालुका जोडला. त्या दिवसापासून मामांच्या स्क्रीनवर रात्री अडीच वाजता कलेक्टर टायपिंगचा सराव करत असतात आणि पीएसआयचा पासवर्ड चुकलेला असतो. पीएसआय, डीवायएसपी आपापल्या फोनवरून यायला लागले तेव्हा वेगळीच कटकट निघाली. अँड्रॉइडच्या वायफायमध्ये प्रॉक्सीचा पत्ता टाकायला जागा आहे, पण नाव-पासवर्ड टाकायला नाही. ब्राउझर विचारून घेतो, पण क्लासची अॅपं ४०७ बघून नुसती रुसून बसतात. शेवटी फोन आपापल्या डेटावर आणि अभ्यासिकेचं नेट टेबलावरच्या कॉम्प्युटरपुरतं, असं ठरलं. टपरीचा प्रश्न आपोआप मिटला. टेम्पोवाल्याने मामांना रामराम करणं सोडलं.

आणि एक गोष्ट पोरांना मी बजावून सांगितली, की बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड इथे वापरू नका. या साध्या पद्धतीत ब्राउझर नाव-पासवर्ड प्रॉक्सीला नुसता वेगळ्या अक्षरांत लिहून पाठवतो. ते कुलूप नव्हे, कुणीही मध्ये बसून उलगडू शकतं. मागच्या बाकावरची एक मुलगी, बहुतेक अहमदपूरची, तिने तेव्हा हात वर केला. “ताई, पासवर्डचं कळलं. पण माझ्या नावापुढं काय काय दिसतं?”

मी उत्तर दिलं, पण आधी मला माझा काळ आठवला. आमच्या वेळी कॉलेजजवळ सायबर कॅफे होता. लाकडी खुराडी, त्यांना फुलाफुलांचे पडदे, तासाचे पंधरा-वीस रुपये, आणि कीबोर्डवरची अक्षरं घासून गेलेली. दारात रजिस्टर असायचं, नाव, पत्ता, वेळ. मुली कधीही खरं पूर्ण नाव लिहायच्या नाहीत. कुणी नुसतं आद्याक्षर, कुणी कॉलेजच्या बाईंचंच नाव. मी आजीचं लिहायचे. आजी त्यामुळे आठवड्यातून दोनदा इंटरनेटवर जायची. निकाल बघायला जायचो आम्ही, फार तर एखादा मेल. लपवण्यासारखं काही नव्हतं. पण बाहेर बसलेल्या त्या माणसाला आपण कोण ते कळणं आणि आत काय केलं ते कळणं, या दोन गोष्टी एकत्र व्हायला नकोत एवढं न शिकवताही कळत होतं. पुढे २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम आले. ओळखपत्र बघा, नोंदी किमान वर्षभर ठेवा, खुराड्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. पडदे गेले. तोवर कॅफेही जायला लागले होते.

तर नावापुढं काय दिसतं. स्क्विडच्या नोंदवहीत प्रत्येक मागणीची एक ओळ पडते. सुरुवातीला वेळ, तीही १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, म्हणून माणसाला वाचता येऊ नये अशी. मग किती वेळ लागला, कुठल्या मशीनवरून, मंजूर की नामंजूर, किती बाइट, कुठल्या संकेतस्थळाशी, आणि मग नाव. संकेतस्थळ कुलूपबंद असेल तर फक्त त्याचा पत्ता दिसतो. आत कुठलं पान उघडलं, काय शोधलं, कुणाला काय लिहिलं ते दिसत नाही. हे मी तिला सांगितलं, आणि ती ‘बरं’ म्हणाली. पण त्या ‘बरं’वर माझंच समाधान झालं नाही. कारण नुसत्या पत्त्यालाही तोंड असतं. रात्री दोन वाजता कुणी दवाखान्याच्या पत्त्यावर गेलं असेल, कुणी लग्न जुळवणाऱ्या, कुणी कर्ज देणाऱ्या. आत काय केलं ते कळायची गरज उरत नाही. आणि सगळं बरोबर चाललंय ना हे तपासायला आम्ही नोंदवही सरकती ठेवतो, ओळी एकामागून एक वर चढत जातात. तेव्हा वाचायचं नाही असं ठरवलं तरी डोळा वाचतोच.

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना वेगळा सांगायला नको. मामा तेव्हा नोकरीत होते, टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदी त्यांच्याकडे. मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून रेल्वेने पहिलं पाणी आलं, दहा वाघिणींतून साधारण पाच लाख लिटर. त्या दिवसांत मी सुट्टीला आले होते. गल्लीत दारोदार निळी पिंपं, आणि प्रत्येक पिंपावर ऑइलपेंटने नाव. काहींना साखळी, साखळीला कुलूप. टँकरचा पाइप कुणाच्या पिंपात किती वेळ राहिला यावर सगळ्या गल्लीचे डोळे. मामी माझ्यापुढे घागर ठेवून म्हणायची, ही प्यायची, ती वापरायची, आणि वापरलेलं बाहेर फेकायचं नाही. रात्री मामा यायचे ते घसा बसून. दिवसभर लोक त्यांच्यावर ओरडायचे आणि ते लोकांवर. त्यांच्या वहीत फेऱ्या होत्या, लिटर होते, वस्तीचं नाव होतं, सह्या होत्या. अन्याय झाला की त्या वहीवरच बोट ठेवून भांडण व्हायचं आणि मिटायचंही. नाव लिहिण्यावर कुणाची हरकत नव्हती. उलट नाव नीट, मोठं, ठळक लिहा म्हणायचे लोक. पण पाण्याचं पुढे काय केलं, हे कुणी विचारलं नाही. शेजारणीने त्यातून तुळशीला तांब्याभर घातलं, मामीने एकदा लपून माझे केस धुऊन दिले. पिंपावर नाव होतं, पाण्यावर नव्हतं.

स्क्विडच्या एका ओळीत मात्र दोन्ही असतं. किती घेतलं तेही आणि त्याचं काय केलं तेही, मध्ये जेमतेम एक शब्द.

हे मी मामांना असंच सांगितलं. म्हणाले, तुमचं यंत्र काय लिहितं ते तुमच्या हातात नाही का? आहे. स्क्विडमध्ये नोंदीचा नमुना आपल्याला हवा तसा लिहिता येतो. मी एक आखूड नमुना केला: वेळ, नाव, बाइट. बस. मामांना वाटपासाठी तेवढंच लागत होतं, कुणी एकाने सगळं ओढलं तर कळावं. पण दुसऱ्या दिवशी मामा २०११ च्या नियमांची प्रत घेऊन बसले, पेन्सिलीने खुणा करून. पैसे घेऊन लोकांना इंटरनेट देणारी जागा म्हणजे आपणही त्यातच मोडतो, आणि मग कुठल्या संकेतस्थळावर कोण गेलं ते वर्षभर जपून ठेवावं लागेल. मी त्यांना २०१७ च्या ऑगस्टमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, नऊ न्यायाधीशांनी एकमताने दिलेला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून. मामा म्हणाले, “निकाल मोठा आहे, मान्य. पण उद्या पीआय इथं आला तर तो मला निकाल विचारणार आहे की वही?” मामी आतून म्हणाली, दोघंही जेवायला या. धपाटे निवत होते.

शेवटी दोन वह्या केल्या. स्क्विडला एकाच वेळी दोन ठिकाणी, दोन नमुन्यांत लिहायला सांगता येतं. पूर्ण नोंद एका फाइलमध्ये, ती मामांच्या लॉगिनने उघडत नाही, वर्ष उलटलं की जुना भाग आपोआप पुसला जातो. आखूड नोंद मामांच्या स्क्रीनवर. भिंतीवर ‘शांतता राखा’च्या खाली मराठीत कागद लावला: काय लिहिलं जातं, किती दिवस राहतं, कुणाला दिसतं. अहमदपूरच्या मुलीने तो पूर्ण वाचला. बाकीच्यांनी त्यावर पेन तपासून बघितले. मला ही तडजोड बरी वाटते आणि वाटतही नाही. मामांच्या हातून जे काढून घेतलं ते नाहीसं झालेलं नाही, माझ्याकडे आलंय. ज्या पोरांनी मला एकदा-दोनदा पाहिलंय त्यांच्या रात्री माझ्या पासवर्डमागे आहेत. मी चांगली आहे एवढ्या भरवशावर हे चालतं, आणि ‘मी चांगली आहे’ हा काही स्क्विडमध्ये लिहिता येणारा नियम नाही.

निलंग्याच्या त्या माणसाने बोट ठेवलं होतं ते आखूड नोंदीवर. ७०० एमबी. लेक्चर बघितलं तरी तेवढं होतं, सिनेमा बघितला तरी तेवढंच. मामांच्या वहीत त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते नसावं म्हणूनच तर मी ती वही तशी केली होती. पण त्याच्यासमोर उभं राहून हे मला अभिमानाने सांगता आलं नाही. कारण त्याच सकाळी, दुसऱ्या एका मुलाचा पासवर्ड का चालत नाही ते बघताना, सरकत्या ओळींत त्याच्या मुलाचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. पहाटेच्या वेळा, आणि पत्ता पुण्याकडच्या कामगार भरतीचा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आता याचा अर्थ काय लावायचा? पोरगं अभ्यास सोडून कामाला जायच्या बेतात आहे? की बापाचं ओझं थोडं कमी करावं म्हणून अर्धवेळ काही बघतंय? की शेजारच्या मित्राला फॉर्म भरून देतंय? तिन्ही शक्य आहे. बापाला यातलं काही सांगितलं असतं तर त्याने एकच अर्थ घेतला असता, आणि तो घेऊन थेट मुलाच्या खोलीवर गेला असता. ओळ खोटी नव्हती. पण तिच्यावरून त्या मुलाबद्दल जे म्हटलं गेलं असतं ते खरं असतंच असं नाही. आणि तरी त्या माणसाला काहीच विचारायचा हक्क नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सोयाबीन त्याचं होतं.

मुलगा स्वतः तेव्हा आत, खिडकीजवळच्या कप्प्यात होता. बाप आलाय हे त्याला माहीत होतं, मामांनी निरोप पाठवला होता. तो लगेच आला नाही. बापाचा चहा संपत आला तेव्हा आला, आणि दोघं जिन्यात बोलत उभे राहिले. बापाने पिशवीतून डबा काढून दिला, मुलाने मागचा रिकामा डबा आणून दिला. किती वेळ बोलले, काय बोलले, ऐकू आलं नाही. मी मुद्दाम कूलरजवळ जाऊन उभी राहिले होते.

हे झाल्यावर मामा एकदम कडक झाले. त्यांचं डोकं आता दुसऱ्या वाटेने चालू लागलं. एक नाव दोन-दोन पोरं वापरतात हे त्यांना दिसत होतं. एका खोलीत राहणारे दोघे, फी एकाची, आणि रात्री दहानंतर खुर्ची रिकामी दिसली की दुसरा येऊन त्याच नावाने बसतो. तहसीलदार कधी कधी एकाच वेळी दोन टेबलांवर असतात. एक नाव एका वेळी एकाच मशीनवरून चालावं, अशी ओळ स्क्विडमध्ये लिहिता येते. मी ती लिहिली, मामांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. मग विचारलं, “ही लागू केली तर तो दुसरा उठून जाईल?” म्हटलं, जाईल. तसं फी थकलेल्याचं नाव काढून टाकलं तरी स्क्विड लगेच हाकलत नाही. एकदा पटलेली ओळख ते मुळात दोन तास धरून चालतं, पुन्हा विचारत नाही. पण ही ओळ तसली सवलत देणार नाही. मामांनी खिडकीतून खाली टपरीकडे पाहिलं. “दोघं एका डब्यात जेवतात,” म्हणाले. “ती ओळ राहू दे तिथं. पण बंद करून ठेव.”

आमच्या धंद्यात ओळ न पुसता बंद करायची तर तिच्यापुढे एक जाळीसारखं चिन्ह टाकतात. मग यंत्र ती वाचत नाही, माणूस वाचू शकतो. तेव्हापासून ती ओळ त्या चिन्हासकट आहे. एखादी जाहिरात निघाली, अभ्यासिका भरली, नेट जड झालं, की मामांचा फोन येतो. “ते चिन्ह काढून टाक आता. लई झालं यांचं.” मी बरं म्हणते. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा फोन.

“काढलीस का गं?”

“नाही अजून.”

“मग राहू दे या महिन्यात.”